उत्साहावर विरजण

मिल्टनच्या निनादने मला फसवलं. मी आजारी आईजवळ कराडला होते, तेवढ्यात त्याने ग्वेल्फपासून मिसिसागापर्यंतच्या दुकानदारांना सांगितलं की मंदाकाकू निवृत्त झाल्या आणि कायमच्या भारतात गेल्या. मी निवृत्त झाले नव्हते. माझ्या पर्समध्ये परतीचं तिकीट होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाई हळूहळू मुद्द्यावर येते आहे असं कुणाला वाटायला नको.

मी दही लावते आणि त्याचा चक्का करते. ग्वेल्फ, मिल्टन, वॉटर्लू या भागात ज्यांच्या घरी गुढीपाडव्याला श्रीखंड होतं, त्यांतल्या बऱ्याच जणांनी माझा चक्का खाल्लेला आहे. इथे कॅनडात आल्यावर बरीच वर्षं मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात उभ्याने काम केलं. दही तेव्हा घरापुरतं होतं. मग शेजारणी मागू लागल्या, मग त्यांच्या मैत्रिणी. एका वाढदिवसाच्या पार्टीत एक बाई मला अभिमानाने म्हणाली, "काकू, आम्ही ना ग्रीक योगर्टमध्ये साखर आणि केशर घालतो. एकदम श्रीखंड!" ते श्रीखंड माझ्या ताटात होतं. मी ते संपवलं, कारण ताटात टाकायची मला सवय नाही, आणि पुढच्याच आठवड्यात धंद्याची चौकशी सुरू केली.

इथे घरच्या ओट्यावर दही लावून विकता येत नाही. परवाना असलेली डेअरी लागते. ग्वेल्फच्या बाहेर पीटर नावाच्या शेतकऱ्याची छोटी डेअरी आहे. गाई त्याच्या स्वतःच्या, त्यांच्या दुधाचं तो चीज करतो. आठवड्यातल्या काही सकाळी त्याची मोठी टाकी, तो तिला व्हॅट म्हणतो, रिकामी असते असं मला कळलं आणि मी भाव करायला गेले.

माझ्या वडिलांचं कराडात भांड्यांचं दुकान होतं. घासाघीस मी तिथे शिकले. गिऱ्हाईक "राहू द्या" म्हणून पायरी उतरलं की वडील हाक मारायचे, "अहो वहिनी, या तर खरं!" आणि मग खरा भाव सुरू व्हायचा. पीटरने भाडं सांगितलं. मी म्हटलं, "टू मच."

"ओके," पीटर म्हणाला.

"देन आय गो."

"ओके. ड्राइव्ह सेफ."

मी पायरी उतरले. गाडीपर्यंत गेले. गाडीत बसले, पट्टा लावला, आरसा सारखा केला, उगाच वायपर फिरवून पाहिले. हाक येईना. तो दारात उभा राहून हात हलवत होता. शेवटी मीच उतरून परत गेले आणि म्हटलं, "आय फरगॉट माय ग्लव्ह." हातमोजे माझ्या दोन्ही हातांत होते. पीटरने ते पाहिले आणि तो इतका हसला की आतून त्याची बायको बाहेर आली. भाडं त्याने कमी केलं नाही, पण चक्का टांगायला मागची थंड खोली त्याच भाड्यात मी मिळवलीच. रिकाम्या हाताने मी कुठूनही परत येत नाही.

आता या धंद्यातली मुख्य गोष्ट सांगते. ती चवीची नाही, कृतीचीही नाही. कृती कुणालाही येते: दूध तापवायचं, कोमट होऊ द्यायचं, त्यात विरजण घालायचं, ऊब देऊन झाकून ठेवायचं आणि सारखं उघडून बघायचं नाही. चक्क्यासाठी ते दही कापडात बांधून टांगायचं. घाईने पिळायचं नाही, पिळलं की चक्का रवाळ होतो. आपलं आपण पाणी निथळू द्यायचं. झालं.

पण विरजण म्हणजे काय? कालच्या दह्यातलं राखलेलं थोडंसं. म्हणजे आजचं दही काल लावलं होतं म्हणून आहे, आणि उद्याचं आज लावलं तर असेल. मधला एक दिवस गाळला तर फारसं बिघडत नाही. दोन-चार दिवस गाळले की विरजण आळसावतं. दही आधी आंबट होतं, मग पातळ होतं, आणि शेवटी त्याला तार येते. चमचा वर उचलला की लाळेसारखा धागा लोंबतो. मोठ्या कंपन्या हे टाळायला दरवेळी पुडीतलं तयार विरजण घालतात. त्यात चूक काही नाही, पण ती चव वेगळी. माझं गिऱ्हाईक ज्या चवीसाठी येतं ती रोज लावलेल्या विरजणाची आहे. दिवाळी असो, लेकीची पदवी असो, बर्फाने दार उघडत नसो.

निनाद माझ्याकडे आला तो गिऱ्हाईक म्हणून. पुण्याचा, सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर, मिल्टनच्या नव्या सबडिव्हिजनमध्ये मोठं घर, गाडीत सतत कुणाचं तरी प्रेरणादायी भाषण चालू. चक्क्याचा एक घास खाल्ला आणि त्याने डोळे मिटले.

"काकू, हे स्केल करायला पाहिजे."

"म्हणजे काय करायचं?"

"म्हणजे प्रत्येक इंडियन ग्रोसरीत. ओंटारिओभर. तुम्ही फक्त दही बघा, बाकी सगळं मी बघतो. आय ॲम सो पंप्ड, काकू!"

मुलगा वाईट नव्हता. लेबल सुरेख करून आणलं, दुकानदारांशी गोड बोलला, पीटरशी इंग्रजीत गप्पा मारल्या. माल दुकानांत गेला, खपला. पण तो आठवड्याला नवी योजना घेऊन यायचा. आंब्याचं दही, प्रोटीनचं दही, व्हँकूवरला दही. मी दरवेळी एकच विचारायचे, "पुढच्या फेब्रुवारीत, मंगळवारी सकाळी, हे कोण करणार?" एकदा तो वैतागला.

"काकू, तुम्ही ना नेहमी माझ्या उत्साहावर विरजण घालता!"

मी एवढी हसले की कापडाची गाठ हातातून सुटली. म्हटलं, "अरे निनाद, तोच तर माझा धंदा आहे."

त्याला विनोद कळला, अर्थ कळला नाही. आपल्या भाषेत उत्साहावर विरजण पडलं म्हणजे वाईट झालं असं समजतात. मला ते कधीच पटलेलं नाही. तापलेलं दूध बघा, कसं फसफसून वर येतं. गॅसजवळ उभं राहिलं तर वाटतं, केवढं दूध आहे! पण ते वाढलेलं नसतं, नुसतं चढलेलं असतं. लक्ष नसलं की उतू जातं आणि शेगडी घासायला लावतं. त्याचं दुसऱ्या दिवशी वाढता येईल असं काही व्हायला हवं असेल, तर ते निवावं लागतं आणि त्यात विरजण पडावं लागतं.

निनादला मात्र चढलेलं दूधच आवडायचं. एकदा डेअरीत त्याने मला मुलाखत घेतल्यासारखं विचारलं, "काकू, ज्या दिवशी मूड नसतो त्या दिवशी काय करता?"

"दही लावते."

"हो, पण मोटिव्हेशन कुठून आणता?"

"आणत नाही. दूध आणते."

"काकू, सीरियसली. यू हॅव टू नो युअर व्हाय."

"अरे, ते कळेपर्यंत दूध नासेल."

त्याला वाटलं, मी टाळते आहे. मी टाळत नव्हते. माझ्याकडे खरंच सांगण्यासारखं गूढ काही नाही. मी सकाळी उठते तेव्हा मला उठावंसं वाटत नाही. थंडीत तर मुळीच नाही. पण मी घासाघीस करणारी बाई आहे, त्यामुळे समोरचा भाव पाडायला बघतो आहे हे मला लगेच कळतं, आणि सकाळच्या वेळी समोरचा म्हणजे माझं स्वतःचंच मन. ते म्हणतं, आज राहू दे, उद्या दुप्पट लावू. ते म्हणतं, गुडघा दुखतोय ना? ते म्हणतं, एवढं कोण बघतंय? सुरुवातीला मी त्याच्याशी वाद घालायचे आणि बहुतेक वेळा हरायचे, कारण ते माझ्याइतकंच चिवट आहे, माझ्याच बापाच्या दुकानात शिकलेलं. मग मी नियम केला: बाकी जगात भाव करीन, या एका गोष्टीत एकच भाव. चर्चा नाही. सकाळी आधी दूध शेगडीवर, मग चहाचं आधण. चहाशिवाय मी जगू शकत नाही, म्हणून दही त्याच्या आधी बांधून टाकलं. आणि अगदीच अंगात ताप असेल तर वाटीभर लावायचं. वाटीभर म्हणजे लावलंच. नाही लावलं म्हणजे नाही लावलं. या दोहोंच्या मध्ये मी काही ठेवलं नाही.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर माझ्या आईचं खुब्याचं ऑपरेशन ठरलं आणि मी कराडला गेले. डेअरीचं काम निनाद आणि त्याने नेमलेली दोघं बघणार होती. घरचं विरजण मी नवऱ्याच्या हवाली केलं. आमचे हे मितभाषी. फोनवर आमचं संभाषण रोज सारखंच.

"अहो, लावलं का?"

"लावलं."

"जेवलात?"

"दही होतं."

आई चालायला लागली तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. मी परतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर गेले. आत निनादची माणसं. डब्यांवर नवं लेबल, त्यावर निनादचा हसरा चेहरा. पीटर मला बघून इतका गोंधळला की त्याच्या हातातली बादली कलंडली.

"मंदा! ही सेड यू मूव्ड बॅक होम. फॉर गुड." मग खाली बघत म्हणाला, "आय वॉज सॅड यू डिडन्ट से गुडबाय."

पीटरने माझ्या सगळ्या सकाळी वर्षभरासाठी निनादने काढलेल्या नव्या कंपनीला देऊन टाकल्या होत्या. शब्द दिला म्हणजे दिला, असा माणूस तो. त्याच्यावर मी रागावले नाही. निनादवर मी पार्किंग लॉटमध्ये रागावले, आणि शेजारच्या गोठ्यातल्या गाईंनीही माना वर केल्या.

"तू लोकांना सांगितलंस मी रिटायर झाले?"

"काकू, प्लीज, शांत व्हा. ॲट युअर एज यू नीड रेस्ट. मी तुमची काळजी करत होतो."

"माझी काळजी? मग मला एक फोन करायचास. 'काकू, तुम्ही रिटायर झालात' म्हणून मलाही कळवायचंस."

"यू आर टेकिंग इट पर्सनली."

"अरे, माझं नाव घेऊन सांगितलंस ना? मग दुसऱ्या कोणाला लागणार ते, पीटरला?"

त्याच आठवड्यात आपल्या इथल्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक पोस्टाने घरी आला. त्यात निनादची मुलाखत होती. फोटोत तो पीटरच्या टाकीशेजारी हाताची घडी घालून उभा. मुलाखतीत एक वाक्य होतं: "आमच्या एक काकू होत्या, त्या निवृत्त झाल्यावर धुरा माझ्या खांद्यावर आली." होत्या! मी ते वाक्य मोठ्याने वाचलं. आमचे हे चष्मा पुसत म्हणाले, "शुद्धलेखन बरोबर आहे."

आता माझ्याकडे डेअरी नव्हती, म्हणजे विकायला माल नव्हता. आणि मिल्टनला किरीटभाईंच्या दुकानातला फ्रिज हा माझ्या धंद्याचा कणा होता. पाडव्याचा माल तिथूनच सगळीकडे जायचा. ती जागा गेली की माझं काम संपलं, मग निनादचं खोटं आपोआप खरं होणार होतं. मी तिथे गेले तेव्हा किरीटभाई मेथीच्या जुड्या लावत होते. दचकले.

"अरे मंदाबेन! आप तो इंडिया शिफ्ट हो गई थीं ना?"

"मैं आपको इंडिया में दिखती हूँ?"

मग मी जे बोलले ते लिहीत नाही, कारण त्यातलं बरंचसं मराठीत होतं आणि किरीटभाईंना कळलं नाही. लोक ट्रॉल्या थांबवून बघत होते. माझं संपल्यावर किरीटभाईंनी मला पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाले, "देखो बेन, मैं धंधा करता हूँ. अभी निनादभाई का माल आता है. ठीक चलता है. नहीं चला, तो गुढीपाडवे के बाद फ्रिज बड़ी कंपनी को दे दूँगा. वो लोग रोज़ फ़ोन करते हैं."

"पाडवे तक मुझे टाइम दो."

"आपके पास माल कहाँ है?"

नव्हता. मी घरी आले आणि दूध तापत ठेवलं.

त्या हिवाळ्याबद्दल मला नीट सांगायचं आहे, कारण लोक मला त्याच हिवाळ्याबद्दल विचारतात, आणि त्यांना वाटतं मी जिद्दीने पेटून उठले वगैरे. पहिले काही आठवडे मी खरंच पेटलेली होते. दूध ढवळताना मनात निनादशी भांडायचे, आणि भांडणाच्या जोरावर दही लागायचं. राग हे फार चांगलं सरपण आहे असं मला तेव्हा वाटलं. पण नाताळ उलटून गेला, उणे तापमान सुरू झालं, ड्राइव्हवेवरचं बर्फ रोज शोव्हल करावं लागायचं, आणि एका सकाळी माझ्या लक्षात आलं की राग संपला. शोधला तरी सापडेना. निनादचा चेहरा डोळ्यांसमोर आणला, ते "होत्या" आठवलं, तरी काही पेटेना. नुसता कंटाळा. विकायचं कुणाला? डेअरी नाही. मुलगी टोरांटोच्या कॉन्डोमधून व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आई, हू इज इव्हन ईटिंग ऑल धिस?" खरं होतं. आम्ही दोघंच खात होतो.

"आज कढी?" हे विचारायचे.

"हो."

"उद्या?"

"उद्या ताक."

"म्हणजे विविधता आहे."

त्या सकाळी मला कळलं की राग म्हणजे निनादच्याच उत्साहाचा भाऊ. तोही चढतो आणि उतरतो. त्याच्यावर धंदा उभा केला असता तर तोही जानेवारीत बसला असता. मी गॅससमोर उभी राहिले, कशातच राम वाटत नव्हता, आणि हात मात्र पातेलं उचलून दूध ओतत होते. चहाच्या आधी. चर्चा नाही. मला आयुष्यात स्वतःचा सगळ्यात जास्त अभिमान कधी वाटला असेल, तर त्या सकाळी. कोणी टाळ्या वाजवायला नव्हतं आणि मी स्वतःसुद्धा स्वतःला टाळ्या वाजवण्याच्या मनःस्थितीत नव्हते, तरी दही लागलं.

तिकडे निनादचं काय चाललं होतं ते मला किरीटभाईंकडून कळायचं. सुरुवातीला तो पहाटे डेअरीवर जाऊन स्वतःचे व्हिडिओ काढायचा. कॅन उचलताना, वाफेत उभा राहून, "राइज अँड ग्राइंड" म्हणत. मग बर्फ आलं. हायवेवर गाड्या घसरायला लागल्या, तसे व्हिडिओ कमी झाले. मग त्याने नेमलेल्या दोघांवर सोपवलं. त्यांना तो सांगायचा पॅशनबद्दल, आणि विरजण फ्रिजात पडून राहायचं. मग तो स्वतःच खचला आणि नव्याने मोटिव्हेट होण्यासाठी मेक्सिकोला कुठल्याशा शिबिराला गेला. तो समुद्रकिनारी डोळे मिटून बसला होता तेव्हा किरीटभाईंनी मला फोन केला.

"मंदाबेन, एक बात बताओ. ये दही है या गोंद?"

"तार आ रही है?"

"तार? बेन, मैं चम्मच उठाके काउंटर तक गया, दही मेरे साथ आया!"

मी फोनवर हात ठेवला आणि पोटभर हसले.

पाडव्याला थोडेच दिवस उरले असताना पीटरचा फोन आला. पीटर फोनवर फार बोलत नाही.

"मंदा. द व्हॅट इज एम्प्टी अगेन."

"आय ॲम सॉरी, पीटर."

"आर यू स्टिल मेकिंग युअर योगर्ट?"

"एव्हरी डे."

"फॉर हूम?"

"फॉर नोबडी."

पीटर वर्षानुवर्षं पहाटे गाई दोहतो. दूध कुणी नेवो न नेवो, गाई दोहाव्या लागतात. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. म्हणाला, "दे हॅवन्ट पेड फॉर मार्च. कम थर्सडे."

मी लगेच भाव केला. म्हटलं, "अँड द कोल्ड रूम?"

"अँड द कोल्ड रूम," तो म्हणाला, आणि मला त्याचं हसू ऐकू आलं.

वाटीभर विरजणाने टाकी लागत नाही. वाटीचं पातेलं करायचं, पातेल्याचा कॅन, कॅनची टाकी. प्रत्येक पायरीला ते तितकंच तगडं हवं. रोज लावलेलं नसतं तर या चढावर ते कुठेतरी बसलं असतं, आणि पुन्हा सुरुवात करायला पाडव्यापर्यंत वेळच नव्हता. मी झाकण उचललं तेव्हा टाकीभर दही असं लागलं होतं की पीटरच्या बायकोने वाकून त्यात आपला चेहरा पाहिला. हिवाळाभराची कढी वसूल झाली. कापडं बांधली, टांगली, थंड खोलीत पाणी निथळायला लागलं. तो थेंबांचा आवाज मला कुठल्याही गाण्यापेक्षा आवडतो.

तेवढ्यात दारात निनाद उभा. मेक्सिकोचं ऊन लागलेलं नाक, हातात स्टीलचा डबा.

"काकू, कसं बोलू कळत नाही."

"बोल. मी रिटायर झालेली बाई, मला वेळच वेळ."

"माझं विरजण जरा ऑफ झालंय. थोडं द्याल? मी पुन्हा फ्रेश सुरू करणार आहे. या वेळी अगदी मनापासून."

पीटर लांबून बघत होता. त्याला वाटलं असणार, आता ही बाई डबा त्याच्या डोक्यात घालते. आला होता तसा विचार. पण आपल्याकडे दारात विरजण मागायला आलेल्याला नाही म्हणत नाहीत. भांडण असलं, अबोला असला, तरी शेजारीण वाटी घेऊन आली की देतात. मलाही इथे आल्यावर असंच कुणीतरी दिलं होतं, म्हणून हे विरजण माझं झालं. मी चमचा घेतला आणि त्याच्या भल्यामोठ्या डब्याच्या तळाशी एक चमचा घातला.

"एवढंसंच?" तो म्हणाला.

"रोज लावलंस तर पुरतं."

"आणि नाही लावलं तर?"

"मग आणखी मोठा डबा आणलास तरी पुरणार नाही. जा आता, मला काम आहे."

वैशाखात तो पुन्हा आला. मी पुन्हा चमचाभर दिलं. आषाढात त्याने दह्याचा धंदा बंद केला. हे मी आनंदाने लिहिते आहे आणि ते लपवण्याची मला गरज वाटत नाही.

त्या पाडव्याच्या आधीच मी किरीटभाईंकडे चक्का घेऊन गेले होते. त्यांनी चाखला, डोळे मिटले आणि लगेच व्यापाऱ्याचा चेहरा करून भाव पाडून मागायला लागले. मी डबे उचलून दाराकडे चालू लागले.

"अरे मंदाबेन! आओ तो सही!"

किती दिवसांनी ती हाक ऐकली! मी परत वळले आणि पहिल्यापेक्षा जास्त भाव घेतला. पाडव्याच्या सकाळी तो फ्रिज रिकामा झाला. बड्या कंपनीचा माणूस नंतर आला तेव्हा किरीटभाईंनी त्याला माझ्यासमोर सांगितलं, "जगह नहीं है." आजही तिथे माझा माल आहे, आणि आता लेबलवर माझं नाव एवढं मोठं आहे की चष्म्याशिवाय वाचता येतं.

आता मंडळाकडे येते. काही आठवड्यांपूर्वी आपल्या संपादक मंडळातून मला फोन आला. "काकू, या वर्षीच्या अंकासाठी सातत्यावर काहीतरी लिहा ना. प्रेरणादायी असं." मी हो म्हटलं. प्रेरणादायी लिहिता येत नाही, जे झालं ते लिहिलं आहे. आणि या संधीचा फायदा घेऊन मी एक प्रश्न विचारणार आहे.

निनादने मला फसवलं, ते त्याने स्वतःच्या लाभासाठी केलं. ते मला समजतं. मीही व्यापारी आहे. पण मी निवृत्त झाल्याचं छापलं ते या अंकाने. या अंकाचं काम करणाऱ्या बहुतेक जणांच्या घरी माझा चक्का जातो. गणपतीच्या प्रसादाचं दही मी देते. माझा फोन नंबर तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे, त्यावर तुम्ही मला दर पाडव्याला "काकू, शिल्लक आहे का?" असं विचारता. कोणाच्याही मनात एकदाही आलं नाही का, की छापण्याआधी त्या "होत्या" काकूंना विचारून बघू, आहेत का अजून? दुकानदारांनी ते खोटं कानांनी ऐकलं होतं. तुमच्या अंकाने त्यावर शिक्का मारला. किरीटभाईंच्या काउंटरवर तुमचाच अंक उघडा पडलेला होता.

मला दिलगिरी नको. "अनवधानाने" हा शब्द तर अजिबात नको. कोपऱ्यात बारीक अक्षरांतली दुरुस्ती नको. ते वाक्य कोणी वाचलं, कोणी पसंत केलं आणि मला फोन न करायचं कोणी ठरवलं, त्या माणसाने पुढे यावं आणि उत्तर द्यावं. याच अंकात, याच लेखाखाली, स्वतःच्या नावानिशी. जागा कमी पडत असेल तर माझा लेख कापा, पण ते उत्तर छापा.